माफीचा बार

सुवर्णा अलकुंटेला एका जागी बसवत नसे, आणि नशिबानं तिला नोकरी दिली ती नेमकी बसून ऐकण्याची. पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या कुशीत, करार-पडताळणी केंद्राची दुमजली इमारत होती. तिथे कानाला हेडफोन लावून रोज आठ तास जमिनीचे आवाज ऐकायचे, हे तिचं काम. बाकीचे सहकारी मठातल्या बुवांसारखे मांडी ठोकून ऐकत. सुवर्णानं मुद्दाम लांब वायरचा हेडफोन मागून घेतला होता आणि ती वायर पुरेल तेवढ्या जागेत येरझाऱ्या घालत ऐके. तिच्या टेबलापुढची फरशी घासून आता शेजारच्यांच्या फरशीपेक्षा अर्धा इंच खाली गेली आहे, अशी केंद्रात थट्टा चाले.

त्या मंगळवारी दुपारी तिनं उभ्याउभ्याच चहाचा घोट घेतला, पुढची नोंद उघडली, आणि कप खाली ठेवायचं विसरून गेली.

नोंद साधी होती. क्षेत्र एकोणीस, सोमवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं, खाणीतला सुरुंग. यंत्रानं नव्याण्णव टक्क्यांवर खातरी दिली होती. पण मोठ्या बाराच्या आधी एक बारीकसा 'टक्' होता, आणि यंत्रानं तो किरकोळ म्हणून बाजूला टाकला होता. सुवर्णानं तो पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना ती डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजू लागली. टक्, मग बरोबर एकवीस आकडे, आणि मग बार.

जगात असा बार देणारं एकच घर होतं, आणि ते तिचं होतं.

इथे थोडं मागे जायला हवं. अण्वस्त्रं कमी करण्याचे जुने करार एकेक करून मुदत संपून मेले, नवे कुणी करेना, आणि मधल्या काळात शस्त्रं भलतीच हुशार झाली. विश्वास तर कधीच पानिपतात गेला होता. उरली पडताळणी. नव्या घडणीचा बाँब बनवणाऱ्याला तो एकदा तरी जमिनीखाली, लहान प्रमाणात का होईना, उडवून पाहावा लागतो. त्याशिवाय कुठलाही सेनापती त्यावर विसंबत नाही. तो लहानसा चोरटा स्फोट पकडता आला, तर नवा बाँब जन्मालाच येत नाही.

पकडण्याची अडचण सोडवली ती इंटरनेटच्या तारांनी. केसासारख्या काचेच्या तारेतून प्रकाश सोडला की काचेतल्या बारीकसारीक दोषांवर आपटून त्यातला थोडा मागे येतो. जमीन कणभर ताणली गेली, तरी त्या परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो आणि तो मोजता येतो. म्हणजे पुरलेल्या तारेचा प्रत्येक मीटर हा एक कान. असे लाखो किलोमीटर कान जगभर आधीच पुरलेले होते. त्यांना ऐकायला शिकवायचं तेवढं बाकी होतं. पूर्वी भिंतीला कान असत, आता जमिनीला फुटले. करार झाला तो या कानांच्या भरवशावर. ज्या भागांबद्दल संशय होता तिथे खास नव्या तारा पुरल्या, त्यांच्या कडेने नारिंगी खांब रोवले, आणि तार जिथे संपते तिथे एकेक करार-चौकी बसवली.

पण कानाला काय, जे पडेल ते ऐकायचं. बाँब ऐकणारी तार रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाची पावलंही ऐकते, कोण कुणाच्या दारात कितीदा गेला तेही सांगते. म्हणून करारात दोन अटी होत्या. कच्चं मुद्रण बहात्तर तासांनी कायमचं पुसायचं. आणि ऐकणाऱ्याला देशाचं नाव कळू द्यायचं नाही, फक्त क्षेत्राचा आकडा द्यायचा, म्हणजे कुणाची माया आड येणार नाही आणि कुणाचा राग.

दिवसाला जगात चाळीसएक हजार सुरुंग उडतात. ते सगळे एका प्रोग्रॅममधून गाळले जात. केंद्रात त्याला चाळण म्हणत. खाणीतल्या सुरुंगाची भोकं एकदम उडत नाहीत. एका भोकामागून दुसरं, मध्ये सेकंदाचा पन्नासावा-साठावा भाग सोडून, अशी माळ पेटते. अणुस्फोट हा एकच ठोसा, चारी दिशांना सारखा. चाळणीला हा फरक कळे. फक्त एखाद्यानं मोठ्या माळेच्या ऐन गडबडीत खाली खोल तो ठोसा मारला, तर गर्दीत खिसा कापल्यासारखं होई, आणि चाळण फसे. खिसा कापला गेला हे सिद्ध करायचं, तर गर्दीतला माणूस न माणूस ओळखून बाजूला काढायला हवा. म्हणजे त्या माळेतलं प्रत्येक भोक कोणत्या क्षणी उडालं ते ठाऊक हवं. आणि ते सुरुंग लावणाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक असणार?

आता घराकडे येऊ. खडकेवाडीच्या काळ्या दगडाच्या खाणीत अलकुंट्यांच्या तीन पिढ्यांनी सुरुंग लावले. सुवर्णाच्या आजोबांनी तरुणपणी एकदा न बघता बार दिला. कड्यामागे एक बाई काटक्या वेचत होती. ती गेली, आणि आजोबांची झोपही गेली. त्यानंतर त्यांनी घराला नियम घालून दिला. मोठ्या बाराआधी बाजूला एका उथळ भोकात मूठभर दारू उडवायची. हा माफीचा बार. आधी सांगायचं, मग फोडायचं. मग सावकाश एकवीस आकडे मोजायचे, आणि तेवढ्यात आडोशाला गेलेल्या प्रत्येकानं दगडावर दगड आपटून एकेक ठोका द्यायचा. ही हजेरी. ठोके माणसांइतके भरले तरच मोठा बार. शिट्ट्या आल्या, भोंगे आले, तरी अलकुंट्यांनी हे सोडलं नाही. इतर खाणवाले हसत. पण अलकुंट्यांच्या खाणीत पुन्हा कुणी दगावलं नाही, त्यामुळे ते हसणं फार दिवस टिकलं नाही.

सुवर्णाचे वडील तिमण्णा, पोरांचे आप्पा, आयुष्यभर बार ऐकून ठार बहिरे झाले होते आणि आता पुण्यात तिच्याजवळ राहत. आई लवकर गेली. धाकटा भाऊ मल्लेश तेव्हा चार वर्षांचा होता, सुवर्णा अकराची. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ओढत नेलं आणि पुढे ब्लास्टरच्या लायसनच्या परीक्षेसाठी त्याच्याकडून माळेचं गणितही घोकून घेतलं. मल्लेशला आकडे पाठ होत नसत. म्हणून तिनं त्याला एक लय बसवून दिली होती, भोकांची आणि ओळींची, आणि शेवटचं भोक नेहमी दुप्पट उशिरानं. 'शेवटच्याला दम खाऊ दे,' असं ती म्हणे. आठ महिन्यांपूर्वी मल्लेश आपल्यासह सात जणांची टोळी घेऊन परदेशात तांब्याच्या खाणीवर गेला. त्या देशाचं नाव इथे सांगून काही साधणार नाही, एवढंच की तिथलं घड्याळ पुण्याच्या घड्याळाशी जुळणारं होतं. रस्त्याच्या कडेला तुमचे नारिंगी खांब आहेत, जाता-येता मी त्यांना नमस्कार करतो, अक्काला सांगा म्हणतो, असं तो फोनवर हसत सांगे.

मंगळवारी दुपारी सुवर्णानं ती लय कागदावर मांडली आणि नोंदीतून वजा केली. भोकामागून भोक निघत गेलं. शेवटचं, दम खाल्लेलं, तेही निघालं. एवढी माळ निघाल्यावर मागे शांतता उरायला हवी होती. उरला एक ठोसा, गोल, एकटा आणि खोल.

तिनं हेडफोन काढला, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. आपला भाऊ काय झाकत होता, हे त्याला तरी ठाऊक असेल का, या एकाच प्रश्नाभोवती ती संध्याकाळपर्यंत फिरत राहिली.

केंद्राचे प्रमुख डॉ. नझीर मुकादम हे रत्नागिरीकडचे, साठीला आलेले गृहस्थ. त्यांचं अर्धं आयुष्य परदेशांत वाटाघाटींच्या टेबलांवर गेलं होतं आणि त्यामुळे कुठल्याही बातमीनं त्यांचा चेहरा हलत नसे. त्यांनी उरलेला ठोसा एकदाच ऐकला आणि चष्मा काढून ठेवला. नऊ दिवसांनी मोठी सही होती. नऊ देश आपले एकतृतीयांश बाँब साक्षीदारांसमोर मोडणार होते, आणि सगळ्यांना ते नऊ दिवस गुमान पार पाडायचे होते.

सुवर्णानं आवाजाचं सांगितलं, मग माफीच्या बाराचं, मग भावाचं. मग मुकादमांनी नियम सांगितले, औषधाच्या वेळा सांगाव्यात तसे. नात्यातल्या माणसाचा संबंध आला की ऐकणारा त्या नोंदीवरून बाजूला होतो. पण तो साक्षीदार होऊ शकतो. हा ठोसा पुरावा ठरेल तो वजा केलेली माळ कुणाची, ते नावानिशी लिहून दिलं तरच. नाहीतर तो नुसता तर्क. अहवाल निघाला की त्याच क्षणी सगळ्या देशांना एकदम जातो, आरोपीलाही, म्हणजे कुणाला तो दाबता येऊ नये. आणि ज्याचं नाव साक्षीत आलं, त्याला कराराचं संरक्षण असतं, मात्र करार-चौकीच्या उंबऱ्याच्या आत. उंबऱ्याबाहेर तो फक्त एक परदेशी मजूर. सोमवारचं मुद्रण गुरुवारी अकरा-पाचला पुसलं जाणार होतं.

"सुवर्णाबाई," ते म्हणाले, "मी काहीच ऐकलं नाही, असं म्हणायला मला फक्त चष्मा परत लावायचा आहे. तुम्ही गप्प राहिलात तर हे जगात कुणाला कळणार नाही. मी तुम्हाला दोष देणार नाही. माझाही भाऊ आहे."

सुवर्णानं गुरुवार अकरापर्यंत वेळ मागितला. मुकादमांनी दिला, आणि चष्मा मात्र टेबलावरच राहू दिला.

खाणीतल्या लोकांना दुपारी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या फोनवरून बोलता येई. सुरक्षेसाठी संभाषण ऐकलं जाऊ शकतं, असं आधी एक गोड आवाज सांगे. बुधवारी दोनला पाच कमी असताना सुवर्णानं घरच्या स्वयंपाकघरातून फोन लावला. ओट्यापासून दारापर्यंत चार पावलं होती. ती एकेक पाऊल मोजून चालत होती.

मल्लेशनं आधी जेवलीस का विचारलं, मग बटाट्याच्या भाजीची तक्रार केली. आठवड्यात अकरा वेळा बटाटा म्हणजे यांच्या देशात दुसरं काही उगवतच नसणार, असं त्याचं मत होतं. सुवर्णा हसली. घरच्यांशी बोलताना ती केंद्रातली भाषा दारातच काढून ठेवी. आप्पांची रीत पाळतोस ना रं, असं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पाळतो की. सायब खेकसतोय, पर मी बाजूला एक भोक मारून घेतोच. सोमवारी तर नगंच म्हनत हुता. तिघं घड्याळं घिऊन हुबं, अकरा-पाच म्हंजे अकरा-पाचच पायजे. मी म्हनलं, आदी सांगितल्याबिगर मी बार देत न्हाई, दुसरा मानूस बघा. दुसरा कुठला आनत्यात?" मग त्याचा आवाज उतरला. "अक्का, एक इचारू? माज्या बारात एक धक्का माजा न्हवता. खालनं आला. कानाला न्हाई कळला, पायाला कळला."

त्याला काही ठाऊक नव्हतं, हे ऐकून सुवर्णाला एका क्षणी रडू येईल इतकं बरं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी ध्यानात आलं, की त्यानं ते ऐकणाऱ्यांच्या देखत बोलून टाकलंय. त्याला आणखी एक शब्द बोलू द्यायचा नव्हता. तिनं ओट्यावरचा स्टीलचा पेला उचलला आणि फोनजवळ एकदाच आपटला.

टक्.

लहानपणी तो आवाज ऐकला की मल्लेश हातातली भाकरी टाकून पळे.

"किती आकडे, अक्का?" त्यानं हळूच विचारलं.

"एकवीस," सुवर्णा म्हणाली. "आता दोन वाजलं बघ. आप्पांनी तुज्यासाठी नवस बोललाय. तुज्या त्या नारिंगी खांबास्नी रोज नमस्कार करतूस न्हवं? तसं न्हाई चालायचं म्हणत्यात. शेवटच्या खांबापतुर पायी जायचं. उद्या अकराच्या आत. आनि तिथनं हजेरी द्यायची."

दोनपासून दुसऱ्या दिवशीच्या अकरापर्यंत एकवीस तास, आणि खाणीपासून शेवटच्या खांबापर्यंत बत्तीस किलोमीटर होते. मल्लेशनं ते मनात मोजले असावेत.

"एकट्यानं?"

"नवस तुज्या एकट्याचाच हाय."

तो बरं म्हणाला. त्या बरंमध्ये काहीतरी शिल्लक राहिल्यासारखं सुवर्णाला वाटलं, पण तोवर जेवणाची सुट्टी संपली होती.

संध्याकाळी तिनं तिमण्णांना सगळं सांगितलं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहायचं, आणि थोडक्यात सांगायचं तर टेबलावर ठोकायचं. ते तळवा टेकून ठोके ओळखत. त्यांनी पाटी दोनदा वाचली. अणुबाँब-बिणुबाँब त्यांनी बाजूला सारलं. नातवंडांना समजवावं तसं ते लेकीला समजावू लागले, की हजेरी आल्याबिगर बार न्हाई. सुवर्णानं लिहिलं, अकरा-पाचला सगळं पुसलं जाणार. ते म्हणाले, जाऊ दे. तिनं लिहिलं, मग त्यांचं फावेल, पुढचा बाँब खराच असेल. ते म्हणाले, हजेरी आल्याबिगर बार न्हाई. बहिऱ्या माणसाशी भांडण जिंकता येत नाही. ती पाटी पुसून उठली आणि गच्चीवर जाऊन अंधार पडेपर्यंत चालत राहिली. रात्री अंथरुणावर पडूनही तिचे पाय हलत होते.

गुरुवारी सकाळी आठ वाजल्यापासून ती केंद्रात होती. साक्षीदार म्हणून मुकादमांनी तिला क्षेत्र एकोणीसच्या शेवटच्या खांबाचा जिवंत आवाज ऐकू दिला. पावलं ऐकायला बंदी होती. यंत्र ती आपोआप गाळून टाकी. हातोड्याचा ठोका मात्र गाळला जात नसे. म्हणजे मल्लेश बत्तीस किलोमीटर त्या तारेवरून चालत आला असता, तरी ते तिला कळलं नसतं. खांबाशी पोचून त्यानं ठोका दिला, तरच कळणार होतं.

नऊ वाजले. एक ट्रक गेला असावा, तोही गाळला गेला. दहा वाजले. मुकादमांनी चहा मागवला. तिचा गार झाला, मग त्यांनी दुसरा मागवला, तोही झाला. साक्षीचा कागद तयार होता. त्यावर मल्लेश तिमण्णा अलकुंटे, राहणार खडकेवाडी, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. शाळेच्या फॉर्मवर हे नाव तिनंच पहिल्यांदा लिहिलं होतं, आणि तेव्हा तो तिच्या ओढणीचं टोक तोंडात धरून उभा होता.

पावणेअकरा. अकराला दहा कमी. तारेत काही नव्हतं.

सुवर्णाला भीती वाटत होती आणि ती भीती लपवायचंही तिला सुचत नव्हतं. तो निघालाच नसेल तर? निघाला आणि वाटेत धरला गेला असेल तर? आता बार दिला आणि तो रस्त्यावर असेल, तर दहा मिनिटांत त्याच्यामागे गाडी निघेल. नाही दिला, तर आठवड्यानं आठ देश आपले बाँब मोडतील आणि नववा गालात हसेल. कुठूनही बघितलं तरी कड्यामागे कुणीतरी काटक्या वेचत होतं. एका बाजूला इतकी माणसं, की त्यांचे चेहरे तिला दिसेनात. दुसऱ्या बाजूला एकच चेहरा होता, आणि तो आयुष्यभर दिसणार होता. तिला त्या क्षणी कराराचा राग आला, तारेचा आला, आणि इतकं नेमकं गणित शिकवणाऱ्या स्वतःचाही आला.

अकरा वाजले. मुकादम तिच्याकडे बघत नव्हते. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते, आणि हा त्यांचा मोठेपणा होता.

अकरा वाजून दोन मिनिटांनी सुवर्णा आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या खुर्चीत नीट बसली. तिनं अंगठा टेकवून सही केली, सोमवारच्या मुद्रणाचा तुकडा जोडला, आणि अहवाल पाठवला. पडद्यावर पोच आली. तीन मिनिटांनी क्षेत्र एकोणीसची सोमवारची सकाळ कायमची पुसली गेली, आणि तिच्यातला तेवढा एक तुकडा जगभर पसरला.

हजेरी आली नव्हती.

मग फोन वाजू लागले. मुकादमांचा आधी एक, मग दोन्ही, मग खालच्या मजल्यावरचे सगळे. सही लांबणीवर पडली, तातडीची तपासणी ठरली, आरोपी देशानं अहवालाला कल्पित कथा म्हटलं, एक मंत्री कुठेतरी तावातावानं बोलले. सुवर्णाला यातलं काही ऐकू गेलं नाही. तिच्या कानांवर शेवटच्या खांबाची शांतता होती. साडेअकरा. बारा. करार-चौकीतून कळवलं, की अजून कुणी आलेलं नाही आणि खाणीच्या रस्त्यावर दोन गाड्या वेगात येताना दिसल्या. तिनं चालायचा प्रयत्न केला, पण पाय उचलेनात. आजोबांना त्या दिवशी असंच झालं असेल, हे तिला समजलं.

बारा वाजून अकरा मिनिटांनी तारेत ठोका पडला.

एकच. खणखणीत, लोखंडावर लोखंड. सुवर्णानं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबला. ती मुकादमांना हाक मारणार, तोच दुसरा पडला. मग तिसरा. तिला वाटलं, आनंदात वेडा झालाय, हजेरीला एकच ठोका असतो. पण ठोके घाईचे नव्हते. प्रत्येक ठोक्याचा हात वेगळा होता. एक जड, एक हलका, एक थकून अर्धवट बसलेला. चार. पाच. सहा. आणि सगळ्यांत शेवटी, दुप्पट थांबून, दम खाऊन, सातवा.

सात माणसं. मल्लेशची सगळी टोळी. त्यानं माफीचा बार ऐकला होता आणि रीतीप्रमाणे सगळ्यांना आडोशाला नेलं होतं. म्हणून त्याला उशीर झाला होता. बत्तीस किलोमीटर सगळ्यांच्या पायांनी जायचे, तर सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या चालीनं जावं लागतं. तिनं एकट्याचा नवस सांगितला होता, आणि त्याच्या 'बरं'मध्ये शिल्लक राहिलं होतं ते हे. पाच मिनिटांनी चौकीचा निरोप आला. सातही जण उंबऱ्याच्या आत होते. गाड्या फाटकाबाहेर थांबल्या होत्या.

सुवर्णा टेबलावर डोकं ठेवून रडली. मुकादमांनी चष्मा लावला आणि तिसरा चहा मागवला.

घरी तिमण्णा सकाळपासून टेबलाशी बसून होते, तळवा लाकडावर टेकवून, जणू ठोका पुण्यातच पडणार होता. सुवर्णा आत आली तशी चपला न काढता टेबलाशी गेली. पाटी घेतली नाही. पेला उचलला आणि ठोकू लागली. त्यांचे ओठ आकडे मोजत हलत होते. सातव्याआधी ती मल्लेशसारखीच दुप्पट थांबली, आणि तो पडल्यावर म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"सात," ते म्हणाले. "समदी आडोशाला?"

तिनं मान डोलावली.

थोडा वेळ ते त्या लाकडावर हात फिरवत राहिले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आता ते काय विचारणार, हे तिला केंद्रातून निघाल्यापासून ठाऊक होतं, आणि वाटेत तिनं त्यावर तीन उत्तरं तयार केली होती.

"आदी हजेरी आली, का आदी बार दिलास?"

तिन्ही उत्तरं तिनं बाजूला सारली. बहिऱ्या माणसाशी खोटं बोलणं सोपं असतं, मान हलवली की झालं. सुवर्णानं पाटी ओढली, लिहिलं, 'आधी बार', आणि ती त्यांच्यापुढे ठेवली.

तिमण्णांनी वाचलं. पाटी पुसली नाही. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"माज्या बापानं बी आदी बारच दिला," ते शेवटी म्हणाले. "त्यो मरस्तवर हजेरीची वाट बघत व्हता. तुला आली, पोरी."

मग त्यांनी तिला बस म्हणून खूण केली. ती बसली, पण टेबलाखाली तिचा पाय थरथरत राहिला, आणि म्हाताऱ्याला ते तळव्यातून कळत होतं. त्यांनी दुसरा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच ठेवून दिला.